बांधल्या नांगीचा खेकडा

हासमचाचा पाहुण्यांना होडीत घेण्याआधी त्यांचे हात बघायचे. चेहरा नाही, कपडे नाहीत, हात. कराचीत, केमाडीच्या धक्क्यावर पायरीच्या टोकाला उभे राहून एकेकाला आधार देताना ते बोटं किंचित दाबून बघत आणि मनातल्या मनात कोणाला कुठे बसवायचं ते ठरवून टाकत.

"तुम्ही मुलतानहून आलात ना? इकडे बसा, सावलीत. तुम्हाला सहापर्यंत काही लागायचं नाही."

"का बरं?"

"तुमचे हात अजून मोटार चालवतायत."

लोक हसत. पण बहुतेक वेळा तसंच घडे. खेकड्याच्या दोरीला गळ नसतो. माशाचं डोकं बांधायचं, वर शिशाचा एक तुकडा, आणि सोडून द्यायची तळापर्यंत. खेकडा ते डोकं धरतो आणि सोडत नाही. त्याच्या त्या हावरटपणावर आमच्या धक्क्यावरच्या चाळीस होड्या पोट भरायच्या. सावकाश ओढलं तर तो खातखातच वर येतो, आणि पाण्यातून डोकं बाहेर काढायच्या आत खालून जाळी घालायची. घाई केली की तो सोडून देतो. शहर बघायला आलेल्या माणसाला सावकाशपणा जमत नाही. सकाळी मजारीचं दर्शन, दुपारी क्लिफ्टनच्या किनाऱ्यावर उंट, संध्याकाळी खेकडे आणि रात्रीच्या गाडीने परत, असा त्यांचा दिवस असतो.

हासमचाचा बंदरातल्या बाबा नावाच्या बेटावरचे कच्छी. बाप नाखवा, आजा नाखवा. माझी आणि त्यांची ओळख इंजिनामुळे झाली. पॉलिटेक्निकमधून नुकता बाहेर पडून मी धक्क्यामागच्या गल्लीत डिझेल इंजिनांचं दुकान टाकलं होतं. त्यांच्या होडीला पहिलं इंजिन मीच बसवलं. शीड उतरवताना ते काही बोलले नाहीत, फक्त इंजिन सुरू झाल्यावर म्हणाले, "इंजिनेर, हे खोकतंय फार. ह्याला काढा पाज." तेव्हापासून मी त्यांचा इंजिनेर झालो. इतवारी दुकान बंद असलं की मी त्यांच्या होडीत जाऊन बसायचो. त्यांच्या बायकोचा भाऊ आदम होडीच्या मागच्या बाजूला स्टोव्हवर बटाटे तळायचा, पाहुण्यांना सापडलेले खेकडे फोडून चिंचेच्या मसाल्यात परतायचा, आणि सगळ्यांची टर उडवायचा.

हळूहळू खेकडे कमी झाले. खाडीकाठची तिवरं तुटली, बंदरात तेल आलं, नाल्यांचं पाणी काळं झालं. पूर्वी एका फेरीत टोपली भरायची, तिथे दोन-तीन मिळू लागले. मग एखाद्या फेरीत एकही नाही. पाहुणा अख्खी दुपार दोरी धरून बसायचा आणि शेवटी आदमने बाजारातून आणून ठेवलेले खेकडे खाऊन परत जायचा. जेवण तेच, चव तीच. पण उतरताना त्यांची तोंडं उतरलेली असत. एकदा फैसलाबादचं एक कुटुंब होतं. त्यातला कापडवाला माणूस धक्क्यावर पाय ठेवताच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोऱ्या दिल्या हातात आणि येड्यासारखं बसवलं. खाली समुद्रच आहे की गटार?"

हासमचाचा त्या दिवशी जेवले नाहीत.

युक्ती आदमची. आणि पिंजरा माझा. ते आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगितलं तर लपवल्यासारखं होईल. आदम म्हणाला, होडीच्या मागच्या अंगाला, पाण्याखाली, जाळीची एक पेटी बसव. बाजारातून आणलेले जिवंत खेकडे त्यात ठेवायचे. पाहुण्याने दोरी ओढली की मी जाळी घेऊन पुढे जातो, जाळीच्या तळाशी आधीच एक खेकडा असतो, पाणी ढवळतं, पाहुण्याला वाटतं त्याच्याच दोरीला आला. मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा. चोरी-लबाडी असलं काही माझ्या डोक्यातच आलं नाही. गंज लागू नये म्हणून कोणता पत्रा, पेटीचं झाकण एका हाताने उघडावं म्हणून कोणती कमान, वेग असताना पाण्याचा दाब किती पडेल, ह्यातच मी दोन दिवस रमलो. पेटी इतकी सुबक झाली की पुढच्या वर्षात आणखी पाच होडीवाले तशीच करून घेऊन गेले.

हासमचाचांनी दोन महिने तिला हात लावू दिला नाही. मग एका मोसमात लागोपाठ तीन इतवार पाहुणे रिकामे परतले, आणि चौथ्या इतवारी त्यांनी मान हलवली. पण एक अट घातली. जुन्या गिऱ्हाइकाशी हे करायचं नाही.

"जुनी म्हणजे कोण, नाखवा?" आदमने विचारलं. "हल्ली जुनं म्हणायला एक तेहमूलसेठच उरलेत."

"मग त्यांच्याशी नाही करायचं."

तेहमूलसेठ म्हणजे सदर बाजारातले घड्याळवाले पारशी. दुकान केव्हाच बंद केलेलं, वय ऐंशीच्या घरात, डोळे जवळजवळ गेलेले. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायचे. पावसाळा संपून होड्या सुटल्या की पहिल्या इतवारी यायचे, आणि हा रिवाज त्र्याहत्तर सालापासूनचा. हासमचाचा तेव्हा वीस वर्षांचे, बापाच्या होडीवर जाळी धरायला. सेठ नव्या लग्नाच्या बायकोला, शेरबानूला, घेऊन आले होते. त्या दिवशी शेरबानूबाईच्या दोरीला असा खेकडा लागला की ताटाबाहेर पाय येत होते. तिने ओढताना श्वाससुद्धा घेतला नाही, असं सेठ सांगायचे. दर वर्षी सांगायचे. त्यांच्या घरात ती गोष्ट लग्नाच्या फोटोसारखी होती. बाई जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी सेठ येत होते, बहुतेक एकटेच. दोरी सोडत, लागलं तर लागलं. नाही लागलं तरी म्हणत, "हासम, समुद्र म्हातारा झाला, माझ्यासारखा." दोघांना त्यात काही कमीपणा वाटत नसे.

त्या वर्षी सेठ एकटे आले नाहीत. कॅनडाहून त्यांची मुलगी आरनवाझ आली होती आणि तिची अकरा वर्षांची झरीन. पहिल्यांदाच कराची बघत होती पोर. परतीचं विमान दोन दिवसांनी होतं. धक्क्यावर येईपर्यंत सेठचं नातीला शेरबानूचा खेकडा पुन्हा एकदा सांगून झालं असावं, कारण पोरगी होडीत पाय ठेवताच हासमचाचांना म्हणाली, "तुम्हीच ना तो? जाळी धरली होती?"

"मीच," हासमचाचा म्हणाले, आणि तिचे हात बघितले. "आणि तुझे हात आजीचेच आहेत."

हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. पोरगी खरंच शांत होती. बेटाच्या मागे नांगर टाकला, दोऱ्या सोडल्या. एक तास गेला. दुसरा गेला. जागा बदलली, पुन्हा नांगर टाकला. आरनवाझबाईने दोरी गुंडाळून ठेवली आणि फोटो काढत बसली. झरीन मात्र हलली नाही. मी इंजिनाजवळ बसून तिच्याकडे बघत होतो. तिने दोरी दोन बोटांत धरली होती आणि डोळे पाण्यावर ठेवले होते.

"आजोबा, तेव्हा किती वेळ लागला होता?" तिने विचारलं.

"चहा संपायच्या आत," सेठ म्हणाले. मग आवाज खाली करून, गुजरातीत, "हासम, ही परत कधी यायची नाही रे. आणि आली तरी मी नसेन. एक लागू दे. केवढासाही चालेल. मी हिला पाच वर्षं फोनवर हेच सांगत आलोय."

 सूर्य मनोरा बेटावरच्या दिवादांडीच्या मागे उतरत होता. हासमचाचांनी नांगराची दोरी ओढून बघितली, पाण्यात थुंकले, पुन्हा जागा बदलली. तिथेही काही नाही. सेठचे हात मांडीवर उलथेपालथे होत होते. पन्नास वर्षं घड्याळाचे काटे धरलेले ते हात मी कधी असे बघितले नव्हते.

मग हासमचाचा म्हणाले, "आदम, नांगर बघ."

ही खूण होती. पेटीकडे जायची. आदमने त्यांच्याकडे असं बघितलं की बरोबर ऐकलं ना. हासमचाचांनी तोंड फिरवलं. आदम उठला, मागे वाकला. खेकडे त्या दिवशी उशिरा आले होते, सेठच्या फेरीत लागणारच नाहीत म्हणून आदमने ते तसेच पेटीत टाकले होते. बाजारात खेकड्याच्या नांग्या सुतळीने बांधून विकतात, एकमेकांना तोडू नयेत म्हणून. पेटीत टाकण्याआधी ती सुतळी कापायची असते. हे काम तो रोज करायचा. त्या दिवशी राहून गेलं.

"झरीनबेबी, ओढ. हळू," हासमचाचा म्हणाले. "दोरीला जड वाटतंय मला."

पोरगी ओढू लागली. आदमने जाळी पाण्यात घातली, पाणी ढवळलं, आणि वर काढली. जाळीत चांगला हाताच्या पंजाएवढा खेकडा. झरीनने तोंडावर हात घेतला. तिची आई फोटो काढता काढता उभी राहिली आणि होडी डुलली. "आला, आजोबा, आला."

"इकडे दे," सेठ म्हणाले. "माझ्या हातात दे."

आदमला तोवर सुतळी दिसली होती. मलाही दिसली. हिरवी, ओली, नांगीला दोन वेढे. आदम म्हणाला, "सेठ, चावेल," पण सेठनी हात पुढे केलेलाच होता. खेकडा धरायची पाठीमागची जागा त्यांना माहीत होती. त्यांनी तो अलगद धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्यावरून फिरवली. पाठ, पाय, नांगी. नांगीवर बोटं थांबली. अंगठ्याने गाठ चाचपली, एकदा, आणि पुन्हा एकदा.

 झरीन त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघू लागली तेव्हा सेठनी खेकडा कोटाच्या कडेआड घेतला. त्यांच्या खिशात नेहमी एक बारीक चाकू असायचा. एका हाताने, न बघता, त्यांनी सुतळी कापली आणि मुठीत घेतली. मग खेकडा वर करून म्हणाले, "छान आहे गं. तुझ्या आजीच्या खालोखाल." आणि आदमकडे दिला.

परतीच्या वाटेवर पोरगीच बोलत होती. आदमने खेकडा परतून तिच्यापुढे ठेवला, तिने नांगी फोडली, बोटं चाटली, आईला भरवलं. सेठनी खाल्लं नाही. पोट ठीक नाही म्हणाले.

धक्क्याला लागलो. हासमचाचांनी सेठचा हात धरून त्यांना पायरीवर चढवलं. मुलगी आणि नात टॅक्सीकडे पुढे गेल्या होत्या. सेठ पायरीवर थांबले आणि हळूच म्हणाले, "हासम, आजचाच का रे? पहिलाच?"

हासमचाचांनी मान हलवली. हो म्हणून, जोरात, दोनदा. मी बघितलं.

सेठना दिसत नव्हतं.

ते थोडा वेळ थांबले. उत्तर आलं नाही असं त्यांना वाटलं असणार. मग म्हणाले, "बरं," आणि आरनवाझबाई परत येऊन त्यांना घेऊन गेली. हासमचाचांच्या लक्षात आलं तेव्हा टॅक्सीचं दार लागलं होतं. ते चार पावलं धावले. मग उभे राहिले. सेठच्या मुलीदेखत, त्या पोरीदेखत काय ओरडून सांगायचं होतं? की आजचा एकच खोटा होता, बाकीचे खरे?

"उद्या जाऊन सांगा," मी म्हणालो.

"उद्या ती पोरगी घरात असेल. तिच्यासमोर नको."

दोन दिवसांनी पाहुणे गेले. मग एक लग्न निघालं बेटावर, मग होडीची एक फळी बदलायला काढली. ही सगळी कारणं खरीच होती. पण मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. आठ दिवसांनी ते धुतलेला कुर्ता घालून माझ्या दुकानात आले. "चल, पारशी कॉलनीत. मला पत्ता सापडायचा नाही."

पत्ता त्यांना चांगला ठाऊक होता.

सेठनी स्वतः दार उघडलं. आमचे आवाज ऐकून म्हणाले, "ये हासम. इंजिनेरपण आलाय का? बसा." नोकराला चहा टाकायला सांगितलं. बोलण्यात कुठे कडूपणा नव्हता, आणि तेच अवघड होतं. खिडकीजवळच्या मेजावर घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग पडलं होतं. त्याच्या शेजारी कापसात ठेवलेली एक नांगी. जुनी, पिवळट पडलेली, माझ्या मनगटाएवढी जाड. शेरबानूबाईच्या त्या खेकड्याची ती आठवण त्यांनी चाळीस वर्षं जपून ठेवली होती. हासमचाचांनी ती ओळखली. आणि भिंग तिथे का आहे तेही त्यांना कळलं.

"नोकराला बघायला सांगितलं," सेठ म्हणाले. मेजाकडे आमचं लक्ष गेलंय हे त्यांनी आमच्या गप्प बसण्यावरून ओळखलं असावं. "सुतळीची खूण आहे का म्हणून. तो म्हणतो एक रेघ आहे. रेघ तर कशाचीही असू शकते. मला दिसत असतं तर सांगितलं असतं."

"सेठ, तो खरा होता," हासमचाचा म्हणाले. "कुराणाची शपथ. तेव्हा पेटीच नव्हती. माझा बाप होता होडीवर. बाईसाहेबांनी स्वतः ओढला. तुमचे सगळे खरे होते. फक्त परवाचा. तोही तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हणालो लागू दे. लाव असं नव्हतो म्हणालो."

हासमचाचांनी नोकराने आणलेला कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आठ दिवस लागले रे तुला उत्तराला," सेठ म्हणाले.

"मी त्याच वेळी हो म्हटलं, सेठ. मान हलवली. तुम्हाला..." 

सेठनी मेज चाचपून भिंग बाजूला सारलं. मग म्हणाले, "हलवली असशील. पण मला असंही वाटतं की खोटा असता तरी तू हेच सांगितलं असतंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही सांगितलं असतं. म्हाताऱ्याला कशाला दुखवा. सकाळी उठलो की वाटतं, हासम खोटं बोलणार नाही. दुपारी वाटतं, आदमचा हात किती सराईत होता. पहिल्यांदा करणाऱ्याचा नव्हता तो हात."

"दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी करायचो, सेठ. तुमच्यासाठी कधी नाही."

"हेही प्रत्येकाला असंच सांगत असशील." ते हसले, पण कोणाला टोचायला नाही. "चहा घे. गार होतोय."

हासमचाचांनी चहा घेतला. उठताना म्हणाले, "पुढच्या इतवारी चला. आदमला आणत नाही. इंजिनेरला आणत नाही. मी आणि तुम्ही. दोरी तुमच्या हातात, जाळीपण तुमच्या हातात."

"नको," सेठ म्हणाले. "लागला तर मी सुतळीच शोधत बसेन."

त्या हिवाळ्यात आरनवाझबाईने त्यांना कॅनडाला नेलं. हासमचाचांना ते नोकराकडून कळलं, जाऊन महिना झाल्यावर. मी बाईचा नंबर मिळवला. म्हटलं, निरोप पाठवू, तुमच्या आवाजात, म्हणजे सेठना ऐकता येईल. माझ्या दुकानात बसून हासमचाचांनी तीन वेळा बोलून बघितलं आणि तिन्ही वेळा मला पुसायला लावलं. "समोर बसून सांगितलं ते पटलं नाही. ह्या डबीतून आलेलं कसं पटेल?"

पेटी त्यांनी आधीच काढायला लावली होती. मी होडी ओढून घेतली आणि एक सकाळभर बसून पत्रा कापला. मीच केलेलं काम होतं, चांगलं झालेलं होतं, निघता निघत नव्हतं. आदम बाजूला उभा होता. म्हणाला, "नाखवा, लोक खेकडा खायला येत नाहीत. खेकडा मिळाला म्हणून सांगायला येतात. ते मी देत होतो. ह्यात कोणाचं वाईट झालं?"

"एकाचं झालं," हासमचाचा म्हणाले.

"एकाच्या पायी सगळ्यांना रिकामे पाठवायचे?"

"येणाऱ्याला आधीच सांगेन, मग यायचं की नाही ते त्याने ठरवावं. मी लपवणार नाही."

आदम मोसमाअखेरीस दुसऱ्या होडीवर गेला. भांडून नाही. अजून बहिणीकडे जेवायला येतो, टर उडवतो.

मी एकदा हासमचाचांना म्हटलं, त्या वेळी तुम्ही तोंडाने हो म्हणाला असतात तरी सेठना शंका आलीच असती. सुतळी हाताला लागल्यावर कोणाला नाही येणार? ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "आली असती. पण ती दोघं मिळून बोलली असती, ती शंका आणि माझं हो. मी तिला आठ दिवस एकटीला सोडलं त्यांच्यापाशी." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि बाईसाहेब गेल्यात रे. त्या असत्या तर त्यांनी सांगितलं असतं, माझ्या हाताला कळलं होतं ते जड आहे म्हणून. आता ज्याला ठाऊक आहे असा मीच उरलो, आणि माझं म्हणणं कोणी खरं धरत नाही."

परवा इतवारी मी धक्क्यावर गेलो होतो. साहीवालचं एक कुटुंब होड्या बघत फिरत होतं, आई-वडील, दोन मुली. हासमचाचांनी वाकून मोठीचे हात बघितले आणि वडिलांना म्हणाले, "साहेब, आधीच सांगतो. हल्ली खेकडे फार कमी लागतात. लागेल किंवा नाही लागणार. जेवणाचे खेकडे बाजारातले आहेत, हे बघा टोपलीत. बाकी हवा चांगली आहे, दिवादांडी दाखवतो."

"लागणार नाही तर मग यायचं कशाला?" माणूस म्हणाला. वाईट बोलायचं म्हणून नाही, खरंच विचारत होता.

पलीकडच्या, माझ्याच हातची पेटी लावलेल्या होडीवरून आवाज आला, इकडे या साहेब, इकडे हमखास. मुली वडिलांचा हात ओढू लागल्या.

"जा," हासमचाचा मुलींना म्हणाले. "तिथे लागेल." मग मोठीकडे बघून, "ओढताना घाई करू नकोस हं. तुझे हात चांगले आहेत."

ती चौघं पलीकडे गेली. थोड्या वेळाने ती होडी सुटली. हासमचाचा पायरीवर बसून राहिले, पाच वाजेपर्यंत. मग त्यांनी मला इंजिन सुरू करायला सांगितलं, आणि आम्ही रिकामेच बेटावर गेलो.